हौसेला मोल येतं तेव्हा

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच दिवशी पॅरिसमध्ये लुई दागेर यांच्या छायाचित्रणाची सगळी कृती जाहीर झाली. फ्रान्स सरकारने ती लोकांसाठी खुली केली. त्याबदल्यात दागेर यांना वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्यांचे दिवंगत सहकारी निएप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक असं तहहयात वेतन बांधून दिलं. कला सर्वांची झाली आणि ज्यांनी त्यासाठी आयुष्य घातलं त्यांच्या कष्टांचंही मोल झालं. ही गोष्ट मुद्दाम आठवावी अशी आहे. आता घरोघरी खिशात कॅमेरा आला आहे, आणि हौसेने फोटो काढणाऱ्या माणसाला कधी ना कधी कोणीतरी विचारतंच, "फोटो छान काढता हो तुम्ही. आमचे काढून द्याल? काय घ्याल?"

माझ्या भाचीला हा प्रश्न येवल्यात विचारला गेला. ती नाशिकला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी मोबाईल घेऊन बाजारात, गोदाघाटावर, द्राक्षबागांतून फिरते. तिने काढलेले फोटो पाहून पैठणी विणणाऱ्या एका घरातल्या काकूंनी तिला साड्यांचे फोटो काढून मागितले. गावोगावच्या गिऱ्हाइकांना ते मोबाईलवर पाठवायचे होते. भाची संकोचून म्हणाली, "अहो काकू, मी साध्या मोबाईलवर काढते. त्याचे कसले पैसे?" काकू म्हणाल्या, "आमचा मागही साधाच आहे ताई. गिऱ्हाईक पैसे देतं ते हाताचे."

काकूंनी एका वाक्यात मनातली अढी मोकळी केली. मोबाईलवर काढलेला फोटो म्हणजे दुय्यम, हा समज आता सोडायला हवा. २०१२ साली सँडी चक्रीवादळाच्या वेळी बेंजामिन लोवी यांनी आयफोनवर टिपलेली समुद्राची लाट 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकली. २०१५ साली आलेला शॉन बेकर यांचा 'टँजरिन' हा अख्खा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला होता. साधनाची लाज बाळगण्याचं कारण राहिलेलं नाही. विचार करायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. पैसे घ्यायचं ठरल्यावर फोटो काढणाऱ्याची नजर बदलते का?

ती बदलावीच लागते. पैठणीच्या फोटोइतकं हे दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसतं. पैठणीच्या रेशमात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव उमटते. साडी जरा हलवली की जांभळ्यातून राणी रंग डोकावतो, मोरपंखीतून हिरवा. डोळ्याला हा खेळ लगेच कळतो, मोबाईलला कळत नाही. तो आपल्या हिशेबाने चित्र 'सुंदर' करायला बघतो. रंग भडक करतो, कडा टोकदार करतो, जरीवर उजेड पडला की तिथे नुसता पांढरा डाग ठेवतो. खोलीत ट्यूबलाइट आणि खिडकीतून दिवसाचा उजेड असे दोन्ही असले तर साडीचं एक टोक निळसर आणि दुसरं पिवळसर येतं. आपल्या आनंदासाठी काढलेला फोटो असता तर हे सगळं चाललं असतं, कदाचित त्याचं कौतुकही झालं असतं. पण सोलापूरची किंवा पुण्याची एखादी बाई त्या फोटोवर विसंबून लेकीच्या लग्नाची साडी घेणार असते. तिच्या हातात वेगळाच रंग पडला तर साडी परत येते, आणि काही महिने मागावर बसलेल्या माणसाची पत जाते.

म्हणून भाचीने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. तिने ट्यूबलाइट बंद केली आणि साडी खिडकीच्या बाजूला, थेट ऊन येणार नाही अशा जागी टांगली. अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला, म्हणजे सावली मऊ झाली. मोबाईलचं मुख्य भिंग रुंद दृश्य टिपणारं असतं. जवळून काढलं की कडेचा भाग ताणला जातो आणि सरळ काठ तिरका दिसतो. त्यासाठी ती मागे सरकली. पडद्यावर जरीच्या जागी बोट दाबून धरलं, प्रकाशाचं माप तिथेच बांधलं आणि थोडा उजेड उतरवला. तेव्हा कुठे पदरावरच्या मोरांचा एकेक पिसारा सुटा दिसू लागला. पार्श्वभूमी धूसर करणारी सोय तिने वापरलीच नाही. ती धूसरता मोबाईल हिशेबाने तयार करतो, आणि त्या हिशेबात पदराचे गोंडे अर्धवट पुसले जातात. प्रत्येक फोटो काढून झाला की साडी शेजारी धरून ती काकूंना विचारायची, "हाच रंग ना?" काकू हो म्हणाल्या तरच पुढची साडी.

सगळं आवरत आल्यावर काकू म्हणाल्या, "आता पदराची मागची बाजू काढा." भाचीला कळेना, मागच्या बाजूचा फोटो कोणाला हवा असेल? काकूंनी पदर उलटा केला. हातमागावर विणलेल्या अस्सल पैठणीच्या पदराला मागून सुटे धागे लोंबत नसतात, नक्षी दोन्हीकडून जवळपास सारखीच दिसते. जाणकार गिऱ्हाईक आधी मागची बाजू मागतं. त्या फोटोत सजावट नव्हती, प्रकाशाची करामत नव्हती. तरीही त्या दिवशीचा सर्वांत कामाचा फोटो तोच होता. हौसेचा फोटो आपल्याला काय दिसलं ते सांगतो. मोबदल्याच्या फोटोला समोरच्याला काय दाखवायचं आहे ते आधी ऐकून घ्यावं लागतं. त्यामुळे कला कमी होत नाही. ती दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

मग पैसे घ्यावेत का? घ्यावेत, आणि संकोच न करता घ्यावेत. होमाई व्यारावाला या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असतानाच त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'कडून त्यांना एका फोटोला एक रुपया मिळू लागला. तो रुपया लहान होता, पण हे काम आहे आणि त्याला मोल आहे, याची ती पोच होती. त्याउलटचं उदाहरण २०१९ सालचं. अॅपलने आयफोनवर काढलेल्या फोटोंची स्पर्धा जाहीर केली. निवडलेले फोटो जाहिरात फलकांवर लावायचे होते, पण मोबदल्याचा उल्लेख नव्हता. छायाचित्रकारांनी जाहीर टीका केली, तेव्हा विजेत्यांना परवाना शुल्क देण्याचं कंपनीने मान्य केलं. मागितल्याशिवाय मोल मिळत नाही, हे एवढ्या मोठ्या व्यवहारातही खरं ठरलं.

फुकट काम करण्याला आणखी एक बाजू आहे. तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या माणसाचं घर त्याच कामावर चालतं. आपण 'माझी तर हौस आहे' म्हणून धंद्याचं काम फुकट करून दिलं, की त्याने सांगितलेला योग्य दरही लोकांना महाग वाटू लागतो. घरच्या बारशाचे, शेजारच्या आजींचे फोटो प्रेमाने काढून द्यावेत, त्याला पैशात मोजू नये. पण ज्या फोटोवर कोणी पैसे कमावणार आहे, त्यात काढणाऱ्याचाही वाटा असावा. हा साधा न्याय आहे.

पैसे घेतले की मात्र बोलणं स्वच्छ हवं. किती फोटो, किती दिवसांत, कोणत्या वापरासाठी, नापसंत पडले तर पुन्हा काढायचे का, हे आधीच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवावं. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ फार थोड्यांना ठाऊक असतं. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. तोच फोटो उद्या आपल्या प्रदर्शनात लावायचा असेल, तर ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायला हवं. फोटो देतानाही काळजी हवी. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो आक्रसतो आणि बारकावे जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. एक प्रत आपल्याकडे राखून ठेवावी, समोरच्याचा मोबाईल हरवू शकतो.

आणि झेपणार नाही ते काम नाकारण्याचं धैर्यही हवं. खिडकीजवळ टांगलेली साडी पुन्हा टांगता येते. मंगल कार्यालयात अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा येत नाही. मंद उजेड, गर्दी आणि धावपळ यांत एकट्या मोबाईलच्या भरवशावर कोणाच्या घरचं लग्न पत्करू नये. "हे माझ्याच्याने होणार नाही, पण अमक्यांना विचारा, ते उत्तम करतात," असं सांगणाऱ्यावर लोक अधिक विश्वास ठेवतात.

भाचीने त्या दिवशी ठरलेले पैसे घेतले आणि सांगितलेल्या दिवशी फोटो दिले. तुमच्याही वाट्याला असं पहिलं काम येईल. तेव्हा 'मी काही फोटोग्राफर नाही' असं म्हणून मागे सरू नका, आणि 'त्यात काय मोठं' म्हणून सहजही घेऊ नका. काय हवं ते नीट ऐका, दर स्पष्ट सांगा, कबूल केलेल्या वेळी काम द्या, आणि ज्याच्यासाठी फोटो काढलात त्याला त्यात आपली वस्तू जशी आहे तशी दिसते का, हे विचारल्याशिवाय पैसे घेऊ नका.