नावाची मुखत्यारी

धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या वऱ्हाडाबरोबर एक तरुण फकीर शिर्डीच्या खंडोबा मंदिराशी बैलगाडीतून उतरला, तेव्हा पुजारी म्हाळसापतींनी त्याला ‘साई’ अशी हाक मारली, असे परंपरा सांगते. आणि ज्याच्या जन्मनावाचा वा मायबापांचा निर्विवाद दाखला कोणत्याही दफ्तरात नाही, तो पुरुष १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला, देह ठेवीपर्यंत आणि त्यानंतरही त्याच हाकेने ओळखला गेला.

नावाची मुखत्यारी कोणाची, हा तत्त्वचिंतकांचा पुरातन प्रश्न आता संगणकाच्या जाळ्यांतही उभा आहे. नित्याच्या इंटरनेटवर संकेतस्थळांची नावे एका मध्यवर्ती उतरंडीतून मिळतात, आणि ज्यांनी ती दिली त्यांना ती काढूनही घेता येतात. आयटूपीसारख्या अनामिक जाळ्यात असे वरिष्ठ दफ्तरच नाही. तेथे स्थळाचा खरा पत्ता म्हणजे त्याच्या गूढलेखनाच्या किल्लीवरून गणिताने काढलेली ५२ अक्षरांकांची माळ. ती कोणी बहाल केलेली नसल्यामुळे कोणाला हिरावता येत नाही, परंतु ती स्मरणात राहणेही दुष्कर. म्हणून प्रत्येकजण आपल्यापुरती नामवही ठेवतो, विश्वासातल्या इतरांच्या वह्यांतून नोंदी उतरवून घेतो, आणि एकाच्या वहीतले नाव दुसऱ्याच्या वहीत निराळ्याच स्थळाचे असू शकते. २०११ साली आलेल्या नेमकॉइन या मध्यवर्ती सत्तेविना चालणाऱ्या नामप्रणालीने सर्वांची मिळून एकच खतावणी ठेवून पाहिली. पण तेथे प्रथम नोंदवील त्याचे नाव, हा पहिल्या कब्जेदाराचा न्याय आला, आणि तो मला धर्म्य वाटत नाही.

मग ज्याची त्याची नावे निराळी झाली तर सत्य उरते काय? शिर्डीतच पाहावे. सरकारी नोकरीत मॅजिस्ट्रेटपर्यंत चढलेले गोविंद रघुनाथ दाभोळकर साईबाबांच्या मशिदीत, द्वारकामाईत, ‘हेमाडपंत’ झाले, माधवराव देशपांडे ‘शामा’ झाले. ही नावे बाबांनी दिली, सरकारदरबारी त्यांची नोंद नव्हती, तरी हाक मारताच ओ देणारा माणूस तोच होता. नामरूप ही उपाधी आणि वस्तू तिच्याहून भिन्न, हे वेदान्ताचे म्हणणे त्या अनामिक जाळ्यालाही अक्षरशः लागू पडते: किल्ली ही वस्तू, नाव ही उपाधी. मात्र वहीत कोणी खोटी नोंद घुसडली, तर भलत्याच दारी जाण्याचा धोका खरा आहे, आणि दाद मागायला वर कोणी नाही. म्हणून या जाळ्यात पाऊल ठेवणाऱ्यास एवढीच विनंती, की दुसऱ्याची वही विश्वासाने जरूर घ्यावी, परंतु जेथे आपले गुज सांगायचे त्या स्थळाचा मूळ पत्ता एकदा स्वतः, अक्षर नि अक्षर, ताडून पाहावा.