सामाईक विहीर

कुकडीचं पाणी आलं, येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली आणि जुन्नर तालुक्यातल्या बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. उसामागोमाग बिबट्या आला. वर्षभर कुणी न हलवलेलं दाट रान, जवळ पाटाचं पाणी, वस्त्यांवर कुत्री आणि शेळ्या. मादीला पिल्लं घालायला आणखी काय लागतं? उसात जन्मलेल्या बिबट्याला ऊस हेच जंगल.

अशाच एका वस्तीवर अण्णा आणि बापू हे सख्खे भाऊ. घरं शेजारी, विहीर सामाईक, बोलणं बंद. बांधावरचा आंबा कुणाच्या वाटणीचा, यावरून दिवाणी दावा पडलेला. पाण्याची पाळी मोडायची नाही, एवढा एकच करार शाबूत होता. विहिरीला कठडा नव्हता. बापूनं अर्धे पैसे आधी काढावेत, मग मी काढतो, असं अण्णाचं म्हणणं. बापूचं म्हणणं तेच, फक्त नाव उलटं. हे निरोप म्हातारीमार्फत जायचे आणि ती बिचारी त्यातल्या शिव्या गाळून पोचवायची. तोवर काठावर असं गवत माजलं की विहिरीचं तोंड दिसेना.

ऊसतोड सुरू झाली तशी जनावरं उठली. बापूची पाळी होती. वीज रात्रीची, म्हणून तो पहाटेच्या अंधारात मोटार सुरू करायला गेला. आत पाणी खळबळलं. बॅटरी मारली तर दोन डोळे चमकले. बिबट्या पंपाच्या पाइपाला पुढच्या दोन्ही पायांनी मिठी मारून लोंबकळत होता.

उजाडेपर्यंत काठावर गाव जमलं. मोबाइल वर झाले. एकानं दगडही उचलला. वस्तीवरचं कुणी गुरं गमावलेलं असलं की दगडाला कारण सापडतं, आणि कारण होतं. महिन्यापूर्वीच अण्णाची कालवड गेली होती. पंचनामा झाला होता, भरपाईचे कागद फिरत होते. अण्णा लांब उभा राहून म्हणाला, “बुडंल तर बुडू द्या. माझी कालवड काय पोहून आली?”

त्यावर कुणाला बोलता येईना.

मग अण्णा काठाशी आला, बहुतेक शत्रूची फजिती जवळून बघायला. खालच्या दगडी बांधकामावर पांढरे ओरखडे होते, हात पोचेल तितक्या उंचीपर्यंत, आणि वरच्या ओरखड्यांत रक्त. एका पंजाची नखं मुळापासून सोललेली. बिबट्याचा पाय पाइपावरून निसटला, तो पाण्याखाली गेला, वर आला, पुन्हा पाइप धरला. गुरगुरला नाही. तेवढं बळच उरलं नव्हतं. अण्णा मागे फिरला आणि घराकडे गेला.

वनरक्षक पोचला होता. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातून पथक आणि पिंजरा निघालाय, पण तोवर जनावराला टेकायला काहीतरी द्या, असं तो सांगत होता. तेवढ्यात अण्णा आला. डोक्यावर वडिलांची बाज, खांद्यावर जुन्या मोटेचा नाडा.

चार पायांना चार दोर बांधले. आता अडचण अशी की बाज सपाट उतरायला हवी, आणि त्यासाठी विहिरीच्या दोन्ही अंगांनी दोर एकदम सुटायला हवेत. एक अंग अण्णाचं, दुसरं बापूचं. दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, हे दोघांनी आजवर पाळलेलं. त्यामुळे दोर धरायला जो तो आपल्याच अंगाला उभा राहिला.

“सोड,” अण्णा म्हणाला.

बापूनं सोडला. बाज कलली.

“हळू की रं! तुझी बाजू वर घे.”

“दादा, तूच जास्त सोडतोयस.”

गर्दीतले काही जण बिबट्या सोडून या दोघांकडे बघायला लागले. बाज पाण्याला टेकली. बिबट्यानं पाइप सोडला, दोन हात मारले, काथ्यावर चढला आणि अंग टाकून दिलं. पिंजरा येईपर्यंत दोघांनी दोर कुणाच्या हातात दिले नाहीत.

पिंजरा वर आल्यावर बापूनं विचारलं, “कुठं सोडणार याला?”

“डॉक्टर पंजा बघतील. बरा झाला की इथंच, जवळपास.”

गलका झाला. वनरक्षकानं शांतपणे सांगितलं, की २००१ नंतर या भागातले कितीतरी बिबटे धरून लांबच्या रानात सोडले होते. तिथं नवीन ठिकाणी ते गोंधळले आणि माणसांवरचे हल्ले वाढले. इथली मोकळी झालेली जागाही मोकळी राहत नाही. दुसरा येतो, तो बहुतेक तरुण, अनोळखी, जास्त उपद्व्यापी.

“म्हणजे शेजारी बदलून मिळत नाही,” अण्णा म्हणाला. का कुणास ठाऊक, बापू हसला.

अण्णा का विरघळला, यावर वस्तीवर मतं आहेत. म्हातारी म्हणते, त्याला विहीर खोदताना बापाला झालेली जखम आठवली. मला वाटतं, इतकं काही नसावं. रागावलेल्या माणसाला राग खाली ठेवायला एखादं निमित्त लागतं, आणि माणसाशी बोलण्यापेक्षा जनावराला दोर टाकणं सोपं. कालवडीचं दुःख मात्र त्याला आजही आहे. गोठ्याला त्यानं जाळी मारून घेतली, रात्री दिवा ठेवतो.

कठडा पंधरवड्यात झाला. विटा अण्णाच्या, वाळू-सिमेंट बापूचं. उंची तीन फूट की चार, यावर दोघं गवंड्यासमोर तासभर भांडले, थेट तोंडावर. आंब्याचा दावा अजून चालू आहे. तारखेला दोघं एकाच मोटारसायकलवर जातात, पेट्रोल आळीपाळीनं.