किरकोळ खर्च

सहल ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असें सर्वसाधारणपणें मानलें जातें. चार स्नेह्यांनीं एकत्र जमावें, वर्गणी काढावी, गाडी भाड्यानें ठरवावी आणि दोन दिवस निराळा मुलूख पाहून यावें, यांत नीतिशास्त्राचा प्रश्न कोठून यावा? परंतु आमचें मत असें आहे कीं, मनुष्याच्या नीतीची कसोटी मोठ्या संकटांत लागते त्यापेक्षां अधिक वेळां ती अशा सुटीच्या दिवशीं लागते. संकटांत मनुष्य सावध असतो. सहलींत तो सैल असतो. शिवाय संकटांत तो बहुधा एकटा असतो आणि सहलींत तो मंडळींत असतो. मंडळींत असलेल्या मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि कोठें राहते, हाच आजच्या विचाराचा विषय आहे.

उदाहरण आम्ही मुद्दामच दूरचें घेतों. जवळच्या उदाहरणांत वाचकाचें लक्ष न्यायनिवाड्यापेक्षां स्वतःच्या बचावाकडे अधिक जातें.

पश्चिम आफ्रिकेंतील घाना देशाच्या अक्रा या राजधानीहून पूर्वेकडे निघालेला रस्ता ग्रीनिचच्या रेखावृत्तावर वसलेल्या तेमा बंदराच्या बाजूनें जातो, सोगाकोपे येथें व्होल्टा नदी ओलांडतो आणि आफ्लाओ या सीमेवरच्या गांवीं संपतो. अंतर सुमारें 200 किलोमीटर. चौकीपलीकडे पाऊल टाकलें कीं टोगो देश लागतो, आणि तेथेंच लोमे ही त्या देशाची राजधानी सुरू होते. राजधानीचें शहर परराष्ट्राच्या सीमेस असें चिकटून असल्याचीं उदाहरणें जगांत थोडींच सांपडतील. अलीकडे सेडी हें नाणें व इंग्रजी कारभार, पलीकडे सी. एफ. ए. फ्रँक व फ्रेंच कारभार. मात्र घरांत आणि बाजारांत दोन्हीकडे एवे ही एकच भाषा कानांवर पडते. कारण ही रेषा तेथील लोकांनीं आंखलेलीच नाहीं. जर्मनांनीं 1884 सालीं टोगो आपल्या ताब्यांत घेतला, तेव्हां त्यांच्या व इंग्रजांच्या वसाहतींमधील हद्द म्हणून ती पडली. पहिल्या महायुद्धांत जर्मन गेले, त्यांच्या जागीं लोमे येथें फ्रेंच आले. 1957 सालीं घाना व 1960 सालीं टोगो स्वतंत्र झाला. राज्यें बदललीं, रेषा राहिली. आपले लोक एकत्र यावे म्हणून एवे परिषदेनें 1947 सालीं संयुक्त राष्ट्रांपुढें गाऱ्हाणें नेलें होतें. त्याचा इष्ट तो परिणाम झाला नाहीं.

पुढें ही चूक निदान सौम्य करावी असा प्रयत्न झाला. 1975 सालीं लागोस येथें पश्चिम आफ्रिकेंतील राष्ट्रांनीं आर्थिक संघाचा करार केला आणि 1979 च्या संमतिपत्रानें असें ठरविलें कीं, सभासद राष्ट्राच्या नागरिकाजवळ वैध प्रवासपत्र व आरोग्याचा दाखला असल्यास त्यास दुसऱ्या सभासद राष्ट्रांत 90 दिवसांपर्यंत परवान्यावांचून राहतां यावें. तीन राष्ट्रें 2025 सालीं या संघांतून बाहेर पडलीं; घाना व टोगो अद्याप त्यांत आहेत. कागदावर हा रस्ता मोकळा आहे. परंतु रस्ता कागदावर मोकळा असणें आणि चौकीवर मोकळा असणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें कोणाही प्रवाशास सांगावयास नको.

आतां वाचकांनीं चौदा जणांची एक मंडळी कल्पावी. एकाच कचेरींतील हीं माणसें ईस्टरच्या सुटींत लोमे पाहण्यास निघालीं आहेत. वर्गणी जमली आहे, थैली एकाच्या हातीं आहे. तेराजणांचे कागद चोख आहेत. एकजण पीतज्वराच्या लशीचा दाखला विसरला आहे, किंवा त्यानें लसच घेतलेली नाहीं. अशी एक चौकी कल्पावी, कीं जेथील अंमलदार रागावत नाहीं, धमकावीत नाहीं. तो केवळ शिक्का हातांत धरून, आज सुटीचा दिवस आहे, एवढेंच हंसत म्हणतो. थैलीवाला गाडीमागें जाऊन येतो. दहा मिनिटांत चौदाहीजण पलीकडे पोंचतात. परत आल्यावर हिशेब मांडला जातो: गाडीभाडें, राहण्याचा खर्च, जेवणें, आणि शेवटीं एक ओळ, 'किरकोळ खर्च'. ती ओळ कशाची हें कोणी विचारीत नाहीं; कारण ती सर्वांस ठाऊक असते.

ही लांच कोणी दिली? थैलीवाला म्हणेल, पैसा माझा नव्हता. बाकीचे म्हणतील, हात आमचा नव्हता. पैसा सर्वांचा म्हणून कोणाचाच नाहीं, आणि कृत्य एकाचें म्हणून इतरांचें नाहीं, अशी ही सोयीची वांटणी आहे. आम्हांस वाटतें, समुदायाचा खरा मोह हाच कीं, त्यांत पुण्याची बेरीज होते आणि पापाचा भागाकार.

या मंडळीच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. पहिला बचाव असा कीं, लांच आणि खंडणी यांत भेद आहे. जें आपल्या हक्काचें नाहीं तें मिळविण्यासाठीं दिलेला पैसा ती लांच. जें हक्काचें आहे तेंच अडवून धरल्यामुळें द्यावा लागलेला पैसा ती खंडणी. खंडणी देणारा नाडला जातो, तो गुन्हेगार नव्हे. हा भेद आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. लोकमान्यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या 'कर्मजिज्ञासा' या प्रकरणांत सत्य व अहिंसा या धर्मांसही प्रसंगविशेषीं अपवाद कसे येतात याचा ऊहापोह केला आहे. मग नाडलेल्या मनुष्यास दोष देणारे आम्ही कोण? परंतु आमच्या मंडळींत तेराजण नाडले गेले आणि एकजण सुटला. तेरांनीं खंडणी दिली, चौदाव्यानें लांच दिली, आणि दोन्ही रकमा एकाच थैलींतून, एकाच मुठींतून गेल्या. दाखल्याचा नियम हा अंमलदाराच्या लहरीचा नव्हे. पीतज्वर डांसांच्या द्वारें एका मनुष्यापासून दुसऱ्यास होतो, आणि एका मात्रेनें जन्मभर पुरणारी लस त्यास रोखते. तो नियम चुकविणें म्हणजे पलीकडच्या गांवांतील अनोळखी मुलाच्या जिवाशीं खेळणें होय. सामाईक थैलीनें हा भेद पुसून टाकला. नाडल्या गेलेल्या तेराजणांच्या निरपराधीपणाआड चौदावा लपला, आणि तेराजणांनीं त्यास लपूं दिलें.

दुसरा बचाव रकमेच्या क्षुद्रतेचा. एवढ्याशा पैशासाठीं सुटीचा दिवस कोणी नासावा? येथें आमचा आक्षेप गंभीर आहे. त्याच चौकीवरून टोमॅटो, मासे, कापड घेऊन जाणाऱ्या बाजारकरणी वारंवार ये-जा करीत असतात. सहलीची मंडळी वर्षांतून एकदां जाते. जी रक्कम सहलकऱ्यास क्षुद्र वाटते, तीच चौकीचा भाव ठरविते. आणि तो भाव पुढें रोज भरावा लागतो तो बाजारकरणीस. श्रीमंताच्या औदार्यानें जसे गांवांतील भाव चढतात, तसे सुखवस्तु माणसाच्या उतावीळपणानें अन्यायाचेहि भाव चढतात. म्हणून खंडणी देणारा सदैव निर्दोष असतोच असें नाहीं. ज्यास ती टाळणें खरोखर शक्य होतें, त्यानें ती केवळ कंटाळ्यापोटीं दिली, तर तिचा बोजा तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून गेला.

तिसरा बचाव मात्र आम्हांस खरोखर विचारांत पाडतो. समजा, मंडळींतील एकजण म्हणाला, मी देणार नाहीं. मग सर्व गाडी उन्हांत उभी राहील. त्याच्या तत्त्वाची किंमत तेराजण मोजतील. कदाचित् त्यांत एखादी वृद्ध स्त्री असेल, एखादें तान्हें मूल असेल. दुसऱ्याच्या वेळावर आपलें शील उजळून घेणें हें शील कीं अहंकार? कांटनें परिणामांकडे न पाहतां कर्तव्य करावें असें सांगितलें. पण मनुष्यानें मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, असेंहि त्यानेंच सांगितलें. स्नेह्यांस न विचारतां त्यांच्या सुटीचा होम करणारा सत्यनिष्ठ मनुष्य या दुसऱ्या वचनाशीं थोडा तरी विरोध करतोच.

यावर आमचें उत्तर असें कीं, हा पेंच चौकीवर सुटत नाहीं. कारण तो चौकीवर पडलेलाच नसतो. तो पडतो वर्गणी जमते त्या संध्याकाळीं. कोठें उतरावें, काय खावें, कोणत्या किनाऱ्यावर जावें याची चर्चा ज्या बैठकींत तासभर होते, तींत हा प्रश्न कोणी काढीत नाहीं. प्रत्येकाचे कागद निघण्यापूर्वीं पाहावे. दाखला नसेल त्यानें लस टोंचून घ्यावी किंवा घरीं राहावें. मागितलेल्या प्रत्येक पैशाची पावती मागावी. आणि पावतीवांचून पैसा न देण्यासाठीं दोन तासांचा अवधि सर्वांनीं मिळून आधींच राखून ठेवावा. मग ती वेळ एकाच्या हट्टापायीं इतरांवर लादली जात नाहीं. ती सर्वांनीं आपण होऊन दिलेली वर्गणी ठरते. एवढें करूनहि एखाद्या वेळीं द्यावेंच लागलें, आजारी मूल गाडींत आहे म्हणून द्यावें लागलें, तर द्यावें. परंतु हिशेबांत तें त्याच्या खऱ्या नांवानें लिहावें.

आणि येथें एक गोष्ट विशेषेंकरून ध्यानांत घेण्यासारखी आहे. बाजारकरीण थांबूं शकत नाहीं. तिचे मासे उन्हांत नासतात. भाड्याच्या गाडीचा चालक थांबूं शकत नाहीं. त्यास दुसरी फेरी गांठावयाची असते. आजाऱ्याच्या भेटीस निघालेला थांबूं शकत नाहीं. त्या चौकीवर थांबणें ज्यास परवडतें असा एकच मनुष्य आहे, आणि तो म्हणजे सहलकरी. फुरसत हीच त्याची श्रीमंती आहे. जी वस्तु त्याच्याजवळ सर्वांहून अधिक, तीच तो सर्वांआधीं वांचवूं पाहतो, ही या साऱ्या प्रकारांतील विसंगति आम्हांस सर्वांत अधिक बोंचते. शेजाऱ्याचा देश पाहावयास जावें आणि शेजाऱ्यासाठीं दोन तास उभें राहूं नये, तर पाहिलें तें काय?

आफ्लाओची रेषा तेथील लोकांनीं आंखली नाहीं. ती पुसणेंहि सहलीच्या मंडळीच्या हातीं नाहीं. परंतु ती ओलांडण्याचा भाव काय असावा, हें कांहीं अंशीं तिच्या हातीं आहे. आम्ही उदाहरण दूरचें घेतलें हें खरें. पण हिशेबाची वही प्रत्येक घरीं असते. यात्रेची, लग्नाची, घरबांधणीची, मुलाच्या शाळाप्रवेशाची वही वाचकांनीं एकदां काढून पाहावी. तिच्या तळाशीं 'किरकोळ' म्हणून जी एक ओळ आढळेल, तिचें खरें नांव घरांतील मुलांसमोर मोठ्यानें वाचतां येतें कीं नाहीं, एवढेंच आपल्याशीं विचारावें.