पहिली संगणकभाषा आणि स्थूलारुंधती

नवशिक्याला आरंभी जे शिकवावयाचे ते अंतिम सत्यच असले पाहिजे, की पुढे मागे घ्यावे लागेल असे काही त्याला जाणूनबुजून शिकविणे योग्य ठरते, हा प्रश्न अद्वैत वेदान्ताने फार पूर्वी हाताळला. तंजावूरमधील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे तो पहिल्या संगणकभाषेच्या निवडीतून उभा राहतो. तमिळनाडूच्या राज्य मंडळात अकरावीला सी प्लस प्लस आणि बारावीला पायथन शिकविली जाते, तर अण्णा विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात पायथन आणि संगणकशाखेला दुसऱ्या सत्रात सी येत असे. म्हणजे एकाच विद्यार्थ्याला दोन परस्परविरुद्ध क्रमांतून जावे लागे.

हा भेद केवळ सोपे-अवघड असा नाही. सी भाषेत चल, म्हणजे मूल्य धारण करणारे नाव, हे संगणकाच्या स्मृतीतील एका ठरावीक जागेचे नाव असते, म्हणून त्याला मूल्य ठेवण्याची पेटी मानणे तेथे बरेचसे यथार्थ आहे. पायथनमध्ये मात्र नाव हे वस्तूला चिकटविलेली संज्ञा असते. एका यादीला दोन नावे दिली आणि एका नावाने तिच्यात भर घातली, तर दुसऱ्या नावानेही बदललेलीच यादी दिसते, कारण यादी मुळात एकच असते. तरीही पायथनच्या पहिल्या पाठात पुष्कळदा पेटीचीच कल्पना सांगितली जाते, आणि साध्या संख्यांपुरती ती निभावतेही.

अशा उपदेशाला वेदान्तात स्थूलारुंधतीन्याय म्हणतात: सूक्ष्म अरुंधती दाखविण्यासाठी आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, मग तो सोडून खऱ्या ताऱ्याकडे दृष्टी न्यावी. ब्रह्मसूत्राच्या पहिल्या अध्यायातील ‘हेयत्व’, म्हणजे त्याज्यता, याविषयीच्या सूत्रावर भाष्य करताना शंकराचार्यांनी हाच दृष्टान्त घेतला असून, आधी दाखविलेले खरे नसेल तर ते सोडावयाचे आहे असे गुरूने सांगितलेच असते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तात्पुरत्या उपदेशाला प्रामाण्य येते ते त्याच्या त्याज्यतेच्या स्पष्ट उच्चारामुळे, आणि संगणकशिक्षणाची खरी उणीव नेमकी येथे आहे.

त्याज्यता वेगळी सांगावी लागत नाही अशा उपदेशाचे उदाहरण तंजावूरच्याच इतिहासात आहे. तेथील राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८–१८३२) यांनी देवनागरी मुद्रणालय उभारले, तेव्हा तेथे इसापाच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी रूपांतर छापले गेले. पशू बोलत नाहीत हे मुलाला ठाऊक असते, त्यामुळे कथेतील असत्य आपली त्याज्यता स्वतःच सांगते. पेटीची कल्पना मात्र असे काही सांगत नाही, आणि ती खरी मानून पुढे गेलेला विद्यार्थी यादी अकारण बदलली म्हणून स्वतःच्या बुद्धीलाच दोष देतो. ही गोष्ट क्षुल्लक मानता येत नाही, कारण शिक्षकाने न सांगितलेल्या मर्यादेचा भार येथे निरपराध शिष्यावर पडतो.

म्हणून पायथन आधी की सी आधी, हा वाद दुय्यम होय. नवशिक्याला कोणतीही भाषा निवडता येईल. परंतु एखादी कल्पना कोठवर टिकते हे शिक्षकाने ती शिकवितानाच सांगितले पाहिजे, कारण इतर शाखांतील ज्या विद्यार्थ्यांचा प्रोग्रामिंगचा अभ्यास पहिल्या सत्रातच थांबतो, त्यांना ती दुरुस्त करून घेण्याची संधी पुढे मिळत नाही. यासाठी सीची वाट पाहण्याचेही कारण नाही: एकाच यादीला दोन नावे देऊन त्यांपैकी एकाने तिच्यात भर घालणे, एवढे तीन ओळींचे उदाहरण पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याकडून करवून घेता येते.