दक्षिणा कुणी कुणाला द्यायची?

आपल्या देशात खेळाडूला अर्जुनाच्या नावाने पुरस्कार मिळतो, १९६१ पासून. त्याला घडवणाऱ्या प्रशिक्षकाला द्रोणाचार्याच्या नावाने, १९८५ पासून. आणि केंद्र सरकारने १९९७-९८ पासून आदिवासी पोरांसाठी ज्या निवासी शाळा काढल्या, त्यांना नाव एकलव्याचं. म्हणजे ज्याच्यासाठी अंगठा कापला तो पुरस्कारात, ज्याने मागितला तोही पुरस्कारात, आणि ज्याचा गेला तो वसतिगृहात. धुळे-नंदुरबारच्या भिल्ल पोरांनी याचा काय अर्थ लावायचा?

दोस्तहो, मी द्रोणाला शिव्या द्यायला बसलेलो नाही. ते काम आपण पुष्कळ केलंय, आणि ते सोपंही आहे. माझा प्रश्न निराळा आहे. मी एका मास्तरामुळे माणसात आलो. त्याचं माझ्यावर ऋण आहे की नाही? असेल तर ते फेडायचं कसं, की अंगठा शाबूत राहील?

मी चोपड्याकडचा. शाळेत ‘ढ’. सातवीत दोन वर्षं काढली. मास्तर म्हणायचे, याला शिकायची इच्छाच नाही. खरं होतं त्यांचं. नव्हतीच. रात्री बापाबरोबर ट्रक भरायला जायचो, केळीचे घड वाहायचे. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग, ते धुतले तरी जात नसत. सकाळी शेवटच्या बाकावर डोळे मिटायचे. पण इच्छा काही आईच्या पोटातून येत नाही. जिथं आपली कुणी वाट पाहत नाही, तिथं जायची इच्छा होईल कशी? ‘आळशी’ हा शब्द मी तेव्हापासून जपून वापरतो. आमच्या वस्तीला तो फार स्वस्तात वाटला गेलाय.

मग पी.टी.चे नवे सर आले. एकदा मी शाळेच्या कुंपणावरून उडी टाकून पळालो, तेव्हा त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोलावलं. वाटलं, आता छडी. तर म्हणाले, “तुना पायमा दम शे रे पोऱ्या. उद्या सकाळी सहाले ये.” माझ्यात काही आहे असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं, आणि तेही अहिराणीत. वर्गात अहिराणी बोललं की हसायचे.

खेळ खो-खोचा. नऊ जणांचा संघ. आठ जणांनी ओळीत बसायचं, तोंडं आळीपाळीने इकडं-तिकडं. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. हात न लावता खो दिला की फाऊल. आता बघा. गावात हापशावर माझी कळशी लागली तर पाटलाचा पोरगा आपली विसळून घ्यायचा. तोच आता माझ्या मागं उभा. पहिल्या दिवशी त्याने वीतभर अंतरावरून ‘खो’ म्हटलं. सरांनी शिट्टी वाजवली. फाऊल. पुन्हा तेच. पुन्हा फाऊल. समतेवर भाषण नाही, संतांचे दाखले नाहीत. तिसऱ्यांदा हात टेकला. त्या स्पर्शाचं मी काव्य करणार नाही. जोरात लागला होता, एवढं आठवतं.

सरांची अट एकच. वर्गात हजेरी नाही तर संघात जागा नाही. मैदानासाठी मी वर्गात बसू लागलो आणि बसता बसता ऐकू यायला लागलं. दहावी एका दमात निघाली. माझ्या बहिणीच्या पायात माझ्याहून जास्त दम होता. ती तेव्हा हापशावर पाणी भरत होती. तिच्यासाठी शिट्टी कुणी वाजवली नाही, आमच्या सरांनीही नाही.

पायात दम असून भागत नाही, शिकवावं लागतं. हे आपल्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावानं १९२९ साली पाहिलंय. बाबासाहेब धुळ्याहून येऊन तिथं उतरले. अस्पृश्याला गाडीत बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने दिला, हाकणारा दिला नाही. मग वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला, ज्याने तो कधी धरला नव्हता. पुलावर बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. त्या माणसात हिंमत होती, माया होती. हाताला सवय नव्हती, कारण ती सवय त्याच्यापर्यंत कुणी पोहोचूच दिली नव्हती.

आणि हात तयार झाला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. पालवणकर बाळू आठवा. चर्मकार समाजातले. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर. ग्रेग नावाचा साहेब त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घ्यायचा, स्वतःच्या फलंदाजीच्या सरावासाठी. बाळूंच्या हाती बॅट द्यावी असं वाटलं नाही कुणाला. त्या राबण्यातूनच १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातले ११४ बळी आले. तरी पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. रीतसर कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२३ मध्ये ते धाकट्या विठ्ठलला मिळालं. पुढं १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्याचा राग असेल तर असू द्या, पण ते मातीचं भांडं विसरू नका. मैदानाची चुन्याची रेघ संपली की जात पुन्हा सुरू होते. मास्तर कसा आहे ते त्या रेघेच्या बाहेर कळतं.

आमचे सामने धुळ्याला होते. जेवणाच्या वेळी वाढप्याने आम्हा दोघांना पाणी वरून ओतायला घेतलं. सरांनी हातातला पेला खाली ठेवला आणि आमच्या शेजारी उकिडवं बसून ओंजळ पुढं केली. तो गोंधळला. मग त्यांच्याही ओंजळीत वरूनच ओतलं त्याने. सर आपले नव्हते.

काही मित्र म्हणतात, पगार घेत होता, कर्तव्य केलं, ऋण कसलं? पण ती ओंजळ पगारात नव्हती. दुसरे म्हणतात, गुरू म्हणजे देव. हे तर आपल्याला मुळीच परवडणारं नाही. देव झाला की तो अंगठा मागणारच. मला वाटतं, ऋण आहे, पण ते वर द्यायचं नाही, खाली द्यायचं. जो आज शेवटच्या बाकावर झोपलाय, त्याला. नागपुरात विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांचा फुटबॉल उभा केला. त्यावरचा नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ २०२२ मध्ये आपण पाहिला, शिट्ट्या मारल्या. शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर किती जण गेलो? वस्तीत अभ्यासिका झाल्या, चांगलं झालं. १४ एप्रिलला डीजेला वर्गणी जमते. खो-खोच्या दोन खांबांना जमत नाही.

नोकरी लागली तेव्हा नारळ आणि टॉवेल-टोपी घेऊन सरांकडं गेलो. पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. नारळ तिथंच फोडून खोबरं पोरांना वाटलं. म्हणाले, “साडेपाचला ये. नवे खांब रोवायचेत, एक माणूस कमी पडतोय.” गेलो. माझ्या बाजूचा खांब जरा वाकडाच रोवला गेला.