करवंटीतले पाणी कोणाचे?

गेल्या भाद्रपदात उत्सव आटोपल्यावर देवळाच्या मागील अंगणात पडलेल्या करवंट्यांच्या राशीकडे आमचे लक्ष गेले. नारळ फोडणे हा आमच्या घरचा नित्यक्रम, आणि करवंटी टाकून न देता जळणासाठी राखावी ही वडिलांची जुनी शिस्त. प्रत्येकीत दोन-चार चमचे पावसाचे पाणी साचले होते व त्यात अळ्या वळवळत होत्या. त्याच पंधरवड्यात देवळासमोरच्या बिऱ्हाडातील नऊ वर्षांची मुलगी डेंग्यूने रुग्णालयात होती. देवकृपेने ती बरी होऊन घरी आली. परंतु तिला चावलेला डास आमच्या करवंटीतून उडाला होता काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

चोरी, मारहाण, निंदा यांत कर्ता कोण व पीडित कोण हे दाखविता येते. येथे तसे नाही. डास आपले घर सांगत नाही. तेव्हा सिद्ध न होणाऱ्या अपराधाचे उत्तरदायित्व मनुष्याने स्वीकारावे काय? पुष्कळजण म्हणतील, "पुरावा नाही, तर दोषही नाही." आम्हांस हे पटत नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि जन्मस्थानापासून बहुधा शे-चारशे मीटरांपलीकडे जात नाही. म्हणजे दोषी पाणी आपले नसेल तर शेजाऱ्याचे. फार दूरचे नव्हेच. अशा वेळी 'कशावरून आमचे?' असे विचारणारा न्याय मागत नसून आडोसा शोधीत असतो.

आपल्या गावी तरी हे अज्ञान शोभत नाही. हिवतापाचे बीज ॲनोफिलीस डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिले ते येथेच, सिकंदराबादेस. त्याबद्दल १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५३ साली देशभर हिवताप-नियंत्रणाची मोहीम निघाली, १९५८ साली तिचे निर्मूलन-मोहिमेत रूपांतर झाले, आणि १९६५ च्या सुमारास वर्षाची रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. १९७६ साली तीच चौसष्ट लाखांवर गेली! डास डी.डी.टी.ला सरावले, कामात ढिलाई आली, अशी कारणे सांगतात. फवारणीवाला आला की दार उघडून द्यावे, एवढेच आपले कर्तव्य अशी जी सवय आपणांस जडली, तिचाही त्यात वाटा असावा असे आम्हांस वाटते.

देवळाच्या आडात गप्पी मासे सोडावेत असे आम्ही सुचविले तेव्हा एका वृद्ध सभासदांनी विचारले, "देवाच्या दारी जीवहत्या कशी चालेल?" प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत : चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. पाण्याचा घडा त्यात आहे, हे ध्यानात घ्यावे. तथापि स्मृतिकारांनी चूल विझवा असे म्हटले नाही. नित्य पंचमहायज्ञ करा, म्हणजे प्राणिमात्रांचे व अतिथींचेही देणे द्या, असे सांगितले. हिंसा अजिबात टळत नाही हे मान्य करून ऋण मानावयास लावणारा हा विचार आहे. त्यातही भांडे आठवड्यातून एकदा घासून कोरडे केले तर डास जन्मासच येत नाही, कारण अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. घासणे मात्र हवेच. भांड्याच्या कडेस चिकटलेली अंडी कोरडी असतानाही कित्येक महिने टिकतात. आम्ही त्या दिवशी उपडी केलेल्या पाण्यातील अळ्या मेल्या, हेही लपवीत नाही.

निकाराग्वा व मेक्सिको देशांत दीडशे वस्त्यांत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. सरकारी उपाय सर्वत्र चालूच होते. निम्म्या वस्त्यांत भर इतकीच की, शेजाऱ्यांनी एकत्र बसून, औषधाविना डासांची पैदास कशी रोखावी हे आपले आपण ठरविले. तेथे मुलांना डेंग्यूची लागण सुमारे तीस टक्क्यांनी कमी आढळली. त्यांतील कोणत्या घरच्या कोरड्या पिंपाने कोणाचे मूल वाचले हे कोणास कळणार? दोष जसा निनावी, तसेच पुण्यही निनावी. फलाची आसक्ती सोडण्याविषयी आपण कीर्तनांतून पुष्कळ ऐकतो. पिंप घासताना ती सोडावीच लागते, दुसरा मार्गच नाही.

करवंट्या आता पत्र्याखाली पालथ्या रचल्या जातात. वडील प्रथम कुरकुरले, पण हल्ली स्वतःच रास तपासतात. त्या मुलीच्या वडिलांकडे जाऊन आम्ही राशीची हकीकत सांगितली. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "अहो, आमच्या गच्चीवरच्या टाकीला सहा महिने झाकण नाही." आम्ही दोघे तसेच गच्चीवर गेलो.