चार भिंतींतील गाणे

नाताळच्या दिवसांत धर्मग्रामातील एखाद्या घरी पाच-सहा जण पेटीवर गायला बसतात, तेव्हा आम्हांस आनंदाबरोबर किंचित धास्तीही वाटते. मैदानावरील जलशात टाळ्यांच्या गर्दीत लपता येते; येथे गाणाऱ्याची नजर थेट आपल्यावर असते. मग न भावलेल्या गाण्याला 'छान' म्हणावे काय?

व्हिएन्नाच्या फ्रान्झ शूबर्टची कितीतरी गीते प्रथम मित्रांच्या घरीच ऐकली गेली. केवळ स्वतःच्या रचनांचा जाहीर कार्यक्रम त्याला एकदाच, १८२८ साली, लाभला. त्याच वर्षी, अवघ्या ३१ व्या वर्षी, तो निवर्तला. आदल्या वर्षी शोबर या मित्राच्या घरी त्याने 'विंटररायझं' ही गीतमाला स्वतः गाऊन दाखविली. तिच्या विषण्णतेने मित्र सुन्न झाले. शोबरने तर स्पष्टच सांगितले, की लिंडन वृक्षाचे तेवढे एक गीत त्याला आवडले. शूबर्ट रागावला नाही. ही गीते मला सर्वांहून प्रिय आहेत, तुम्हांलाही ती आवडू लागतील, असे तो म्हणाला. पुढे फोगल या गायकाच्या मुखातून ती ऐकताना तसेच घडले.

शोबर निष्ठुर होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. खोट्या स्तुतीने त्याने मित्राला एकटे पाडले असते. आम्ही मात्र मिस्सानंतर गायनवृंदाला 'छान झाले' म्हणतो आणि चर्चच्या पायऱ्या उतरू लागतो.